पडद्यावरची फरशी

मंडळी, आपल्या गप्पांचे विषय कसे बदलत गेले ते जरा आठवून बघा. पहिल्यांदा ग्रीन कार्ड, मग मुलांच्या शाळा, मग कॉलेजच्या फिया. आणि आता कुणाच्याही घरी पॉटलकला जमलं की पाचव्या मिनिटाला विषय निघतो तो तिकडे पुण्या-मुंबईत, नाशिक-कोल्हापुरात एकटे राहणाऱ्या आईवडिलांचा. त्यांच्या बाथरूममध्ये हँडल बसवायचंय, कमोड उंच करायचाय, फरशी बदलायचीय. पूर्वी हे सगळं 'डिसेंबरमध्ये जाईन तेव्हा बघू' या सदरात पडायचं. आता इथे बसल्या बसल्या लॅपटॉपवर अख्खा फ्लॅट उभा करता येतो, त्यातून फिरता येतं, आणि ते चित्र तिकडे पाठवून 'हे असं करा' असं सांगता येतं. सोय मोठी आहे. पण ज्यांनी हा उद्योग केला आहे त्यांना पुढचा अनुभवही ठाऊक असेल. भिंती बरोबर, दारं-खिडक्या बरोबर, आणि फरशी मात्र कधी करडी, कधी लुकलुकणारी, कधी बुद्धिबळाच्या पटासारखी. दहा वेळा प्रोग्राम बंद करून चालू केला तरी ती तशीच.

या लेखात त्या फरशीच्या खोड्यांबद्दलच लिहिणार आहे. माझा पोटापाण्याचा व्यवसाय कॉम्प्युटरचा असल्यामुळे अशा तक्रारी माझ्याकडे येत असतात, आणि त्यांतल्या बऱ्याचशा खरं तर दोन-चार ठरावीक कारणांच्या असतात.

आधी हे 'टेक्श्चर' प्रकरण काय ते बघू. मराठीत आपण पोत म्हणतो, पण इथे अर्थ थोडा वेगळा. कॉम्प्युटरच्या घरातली भिंत म्हणजे नुसता चौकोन. त्यावर विटांचा, लाकडाचा किंवा फरशीचा फोटो चिकटवायचा. लहानपणी जूनमध्ये वह्या-पुस्तकांना खाकी कव्हरं घालायचो ना, तसंच. कागद किती मोठा घ्यायचा, कुठल्या कोपऱ्यापासून घडी घालायची, लेबल सुलट येतं की उलट, हे सगळे प्रश्न इथेही आहेत. ही कल्पना एडविन कॅटमल यांनी १९७४ साली युटा विद्यापीठातल्या आपल्या पीएच.डी.च्या प्रबंधात मांडली. हेच कॅटमल पुढे पिक्सार कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले आणि २०१९ सालचं ट्युरिंग पारितोषिक पॅट हॅनराहान यांच्याबरोबर त्यांना मिळालं. त्याच प्रबंधात आणखी एक युक्ती होती, ती आपल्याला लुकलुकणाऱ्या फरशीपाशी लागणार आहे.

आता एक खरी गोष्ट सांगते. न्यू जर्सीतले आमचे एक स्नेही. त्यांचे वडील बयाऐंशी वर्षांचे, आईवडील दोघंच कोथरूडच्या फ्लॅटमध्ये राहतात. घरभर ती गुळगुळीत, चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी. एका सकाळी बाथरूममधून ओल्या पायांनी बाहेर पडताना पॅसेजमध्ये वडील घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. मग दोघंही औंधला लेकीकडे मुक्कामाला गेले. डॉक्टरांनी दोन महिन्यांनी घरी जायला परवानगी दिली होती, आणि वडिलांचं एकच टुमणं, 'मला माझ्या घरी जायचंय.' म्हणजे त्या दोन महिन्यांत फरशी बदलायची, ती कुठली ते ठरवायचं, आणि ठरवणारे चौघं दोन देशांत. मुलाने इथे रात्री जागून फ्लॅटचं मॉडेल केलं. बहीण ते तिकडे कॉन्ट्रॅक्टरला दाखवणार आणि तो त्यावरून हिशोब देणार, असं ठरलं.

चित्र पुण्याला पोचलं आणि बहिणीचा फोन आला. "अरे, तुझ्या चित्रात सगळं घर सिमेंटचं दिसतंय. कॉन्ट्रॅक्टर विचारतोय, फरशी कुठाय?" याच्या लॅपटॉपवर तर फरशी व्यवस्थित दिसत होती. पॅसेजचा तुकडा तेवढा थरथरत होता. शिवाय आईंनी व्हिडिओ कॉलवर बघून विचारलं, "अरे, ही फरशी ओली का दिसतेय? पुसायची राहिली का?" झालं, शेजारी बसलेल्या वडिलांनी जाहीर केलं की असली फरशी घालणार असाल तर मी घरी जायचा नाही. चार रात्री खटपट करून शेवटी त्यांनी मला फोन केला, "वहिनी, जरा बघता का?" प्रोग्राम कुठला ते सांगत नाही. कारण या खोड्या एकाच्या नाहीत, कमीअधिक प्रमाणात सगळ्यांच्या आहेत.

अशा वेळी लोक पहिल्यांदा काय करतात, तर प्रोग्राम पुन्हा इन्स्टॉल करतात. माझ्या मते हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. त्याआधी तीन गोष्टी बघायच्या. कॅमेरा हलवला, जवळ-लांब केला, तर दोष हलतो का? तीच फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली तर दोष तिथेही दिसतो का? आणि आपला फोटो काढून प्रोग्रामबरोबर आलेलं एखादं साधं टेक्श्चर तिथे लावलं तर दोष जातो का? वैद्य नाडी बघतात तसं हे आहे. हलणारा दोष असेल तर गडबड भूमितीत असते, दुसऱ्या मशीनवर बदलणारा दोष असेल तर फाइलच्या पत्त्यात किंवा ग्राफिक्स कार्डात, आणि साध्या टेक्श्चरने जाणारा दोष असेल तर खुद्द फोटोत. आमच्या स्नेह्यांच्या घरात तिन्ही प्रकार एकत्र नांदत होते, म्हणून तर चार रात्री गेल्या.

करड्या फरशीचं कारण सोपं होतं. पुष्कळ प्रोग्राम फरशीचा फोटो मॉडेलच्या फाइलमध्ये ठेवतच नाहीत, फक्त त्याचा पत्ता लिहून ठेवतात. लग्नपत्रिकेवर न्यू जर्सीचा पत्ता छापून ती पुण्यात वाटली तर पाहुणे कार्यालय शोधत फिरणारच. पुण्याच्या कॉम्प्युटरवर त्या नावाचा फोल्डरच नाही, म्हणून प्रोग्रामने मुकाट्याने करडा रंग दिला. काही प्रोग्राम पांढरा देतात, काही भडक जांभळा. स्केचअप किंवा स्वीट होम थ्रीडी हे फोटो फाइलच्या पोटातच घेतात, त्यामुळे तिथे सहसा ही अडचण येत नाही. स्वीट होम थ्रीडीची फाइल तर खरी झिप फाइलच असते. पण तुम्ही मॉडेल ओबीजे प्रकारात बाहेर काढलंत, तर त्याच्यासोबत एमटीएल नावाची एक छोटी फाइल येते. ती नोटपॅडमध्ये उघडा. 'मॅप' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळींमध्ये फोटोचे पत्ते दिसतील. तिथे सी ड्राइव्हपासूनचा लांबलचक पत्ता असेल तर तो खोडून नुसतं फोटोचं नाव ठेवा आणि फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवा. काम झालं.

आम्ही सगळे फोटो एका फोल्डरमध्ये घालून झिप करून पाठवले. तरी दोन खोल्या करड्याच! आता गंमत ऐका. मुलाने प्रेमाने फोल्डरला नाव दिलं होतं 'बाबांचं घर', चक्क देवनागरीत. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, आणि आपल्या 'बा'ला सहा: तीन 'ब'चे, तीन कान्याचे. नीट लिहिलेल्या प्रोग्रामला याचं काही वाटत नाही. पण पुष्कळ प्रोग्रामांच्या तळाशी फार जुना, एका अक्षराला एक बाइट धरणारा कोड अजून पडलेला असतो. तो असा पत्ता वाचताना अडखळतो आणि तक्रारही करत नाही. मातृभाषेचा कितीही अभिमान असला तरी या कामापुरती फोल्डरची आणि फोटोंची नावं साध्या इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता ठेवावीत. विंडोजमधलं तुमचं स्वतःचं युजर नेम देवनागरीत असेल तरीही हेच होतं, कारण तेही पत्त्यात येतं. तेव्हा काम सरळ सी ड्राइव्हवर एखादा फोल्डर करून तिथे करावं.

एक खोली तेवढ्यानेही सुधारली नाही. ते कारण वेगळं निघालं. बहिणीने दुकानातल्या फरशीचा फोटो आयफोनवर काढला होता. २०१७ साली आलेल्या आयओएस ११ पासून आयफोन फोटो हाइक नावाच्या प्रकारात साठवतो, आणि घर काढायचे पुष्कळ प्रोग्राम तो ओळखत नाहीत. कुणीतरी फाइलच्या नावाचं शेपूट बदलून जेपीजी केलं होतं. पाटी बदलल्याने दुकानातला माल बदलत नाही. फोटो खरोखर उघडून 'सेव्ह अ‍ॅज' करून जेपीजी किंवा पीएनजी करावा लागतो. छापखान्याकडून किंवा कंपनीच्या कॅटलॉगमधून आलेल्या जेपीजीचीही कधी कधी अशीच गत होते. तो छपाईच्या चार रंगांत असतो आणि पडद्याला तीन रंग हवे असतात. तोही पुन्हा सेव्ह केला की चालतो.

आता थरथरणारा पॅसेज. ही खोडी सगळ्यात गमतीची, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, म्हणून जरा सविस्तर सांगते. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यासाठी ग्राफिक्स कार्ड एक नोंद ठेवतं: इथे दिसणारी वस्तू डोळ्यापासून किती लांब आहे. नवी वस्तू आधीच्यापेक्षा जवळ असली तर ती रंगवायची, नाही तर सोडून द्यायची. कॅटमल यांच्या प्रबंधातली दुसरी युक्ती ती हीच, तिला झेड-बफर म्हणतात. पण दोन पृष्ठभाग अगदी एकाच अंतरावर असले तर? मग कोण पुढे हे आकड्यांच्या शेवटच्या दशांशावर ठरतं. एका ठिपक्यावर ही फरशी जिंकते, शेजारच्यावर ती, आणि कॅमेरा केसभर हलला की निकाल बदलतो. दिसायला झेब्र्याच्या अंगावरचे पट्टे थरथरल्यासारखं दिसतं. शिवाय हे अंतराचे आकडे जवळ दाट आणि लांब विरळ असतात, म्हणून लांबून बघितलं की खोडी वाढते आणि अगदी जवळ गेलं की बहुधा कमी होते. हीच तिची ओळख. यावर ड्रायव्हर अपडेट करून, नवीन लॅपटॉप घेऊन काही होत नाही. सतरंजीखाली जमीन, टेबलावर टेबलक्लॉथ, भिंतीला चिकटून लावलेली तसबीर, असं जिथे जिथे दोन चौकोन एकाच पातळीवर येतात तिथे हे होतं.

पॅसेजमध्ये हे का झालं? कॉन्ट्रॅक्टर म्हणाला होता, जुनी फरशी उखडायला नको, तिच्यावरच नवी बसवू, आठ दिवसांत काम उरकतं. म्हणून मुलाने जुन्या फरशीवर नवी फरशी काढली, त्याच उंचीवर. दोघींचं भांडण सुरू झालं.

यावर सगळीकडे एक ठरलेला उपाय सांगतात: वरची वस्तू एक मिलिमीटर उचला. पट्टे जातात, चित्र छान दिसतं. सतरंजीला हे ठीक आहे. पण फरशी म्हणजे सतरंजी नव्हे. मी म्हटलं, उचलतोच आहोत तर खऱ्या जाडीने उचला. फरशी ९ मिलिमीटर, खालचं चिकट मिश्रण ४, एकूण १३. तो आकडा घातला आणि थरथर थांबली. पण बाथरूमच्या दाराची खालची कड फरशीत रुतलेली दिसायला लागली, कारण दाराखाली फट होती १० मिलिमीटरची. आणि बेडरूमची फरशी बदलायची नव्हती, त्यामुळे पॅसेज आणि बेडरूमच्या मधे १३ मिलिमीटरची, म्हणजे अर्ध्या इंचाहून किंचित जास्त, नवी पायरी तयार झाली. इथल्या एडीएच्या नियमांत पाव इंचापर्यंतचा उभा फरक चालतो, पाव ते अर्ध्या इंचाला कड तिरकी घासून द्यावी लागते, आणि त्यापुढे रॅम्प लागतो. पुण्यातल्या खाजगी फ्लॅटला हा नियम कुणी लावणार नाही, पण नियम ज्या पायांसाठी केला आहे ते पाय सगळीकडे सारखेच. खुब्याचं ऑपरेशन झालेला, वॉकर ढकलत रात्री दोनला बाथरूमकडे निघालेला माणूस, आणि बेडरूमच्या दारात अर्ध्या इंचाची कड!

त्या रात्री बहीण, भाऊ आणि कॉन्ट्रॅक्टर यांची कॉलवर बरीच बोलाचाली झाली. जुनी फरशी उखडायची म्हणजे आवाज, धूळ, राडारोडा उचलायचा खर्च, सोसायटीची परवानगी, खालच्या मजल्यावरच्यांची नाराजी, आणि आठाऐवजी पंधरा-वीस दिवस. शेवटी वडीलच म्हणाले, "उखडा. मी आणखी पंधरा दिवस थांबतो." एक मिलिमीटर उचलून गप्प बसलो असतो तर हे कुणाच्या लक्षात आलं असतं ते मिस्त्री दार घासायला लागल्यावर.

थरथरण्याचा आणखी एक प्रकार असतो, तो चटकन ओळखू येत नाही. बिल्डरकडून ऑटोकॅडचा नकाशा आणून त्यावर घर उभारलं तर कधी कधी सगळंच घर हलल्यासारखं दिसतं. मोजणीच्या नकाशातले आकडे कुठल्या तरी लांबच्या बिंदूपासून मोजलेले असतात, म्हणजे तुमची भिंत शून्यापासून कित्येक किलोमीटरवर. ग्राफिक्स कार्ड बहुधा ३२ बिटांचे दशांश आकडे वापरतं, आणि त्यांत १,६७,७७,२१६ च्या पुढे एक-एकाचा फरकसुद्धा ठेवता येत नाही. मिलिमीटरमध्ये काम करत असलात तर हे अंतर होतं जेमतेम १७ किलोमीटर. सगळं मॉडेल उचलून शून्याजवळ आणून ठेवा, की शांत होतं.

फरशीच्या रेषांची गोष्ट याहून साधी, पण पैशांशी थेट संबंध असलेली. हॉल आणि पॅसेज यांच्या दारात फरशीचे सांधे जुळत नव्हते. कारण कॉम्प्युटर प्रत्येक खोलीची फरशी त्या खोलीच्या स्वतःच्या कोपऱ्यापासून सुरू करतो. खऱ्या घरात मिस्त्री एकच दोरी लावून दोन्ही खोल्यांत सांधा सरळ नेतो. बऱ्याच प्रोग्रामांत टेक्श्चर सरकवायची सोय असते, तिथे आकडे घालून ते जुळवता येतं. ते करताना मी फरशीचं माप बघितलं, तर २४ इंच. मुलगा म्हणाला, "ताईने सांगितलं टू बाय टू आहे, मग चोवीसच ना?" भारतात 'टू बाय टू' हे बोलायचं नाव झालं, खोक्यातली फरशी असते ६०० मिलिमीटरची. दोन फूट म्हणजे ६०९.६. एका फरशीत फरक साडेनऊ मिलिमीटरचा, पण हॉलची रुंदी १२ फूट होती. चित्रात बरोबर सहा फरश्या बसल्या, एकही कापायला नको, सगळे खूश. प्रत्यक्षात १२ फूट म्हणजे ३६५७.६ मिलिमीटर, त्यात सहा फरश्यांचे ३६००, आणि भिंतीकडे उरतात साडेसत्तावन्न. सांध्यांच्या फटी धरल्या तर त्याहूनही कमी. म्हणजे एका भिंतीला अख्खी लांबी दोन बोटांची चिंधी. ती कापताना फरश्या फुटतात, आणि दिसतेही वाईट.

खरं माप घातल्यावर ती चिंधी पडद्यावर दिसली. मग मिस्त्री नेहमी करतात तेच पडद्यावर केलं: मधे पाच अख्ख्या फरश्या आणि दोन्ही भिंतींना ३२८ मिलिमीटरचे सारखे तुकडे. किती फरश्या मागवायच्या याचा हिशोबही बदलला. चौरस फुटांनी भागाकार केला तर १२ बाय १५ च्या हॉलला ४७ फरश्या येतात, पण लांबीच्या बाजूला ७.६२ फरश्या, म्हणजे तिथेही कापाकापी. असे सगळे तुकडे मोजूनच खोकी मागवावीत, कारण महिन्याभराने तोच नंबर मागितला तर छटा वेगळी येते, हे फरशीचं काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

राहता राहिली ती ओली फरशी. इथे मुलाने चकाकीचं बटण शून्यावर आणून बघितलं होतं, उपयोग शून्य. मी त्या जागी प्रोग्राममधलं साधं लाकूड लावलं आणि ओलेपणा नाहीसा झाला. म्हणजे चोर फोटोत. दुकानात ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो, त्यात ट्यूबचा एक पांढरा पट्टा. तोच फोटो चाळीस-पन्नास वेळा शेजारी शेजारी लावला की घरभर पाण्याचे ओघळ! प्रोग्राम बिचारा प्रामाणिक, दिलेला फोटो त्याने इमानाने लावला.

फरशीचा फोटो कसा काढावा याबद्दल म्हणून थोडं सांगते. नमुन्याची फरशी घरी आणावी (दुकानदार अनामत घेऊन देतात) आणि गॅलरीत सावलीत जमिनीवर ठेवावी. ऊन नको, फ्लॅश नको, ट्यूब नको. फोन अगदी वरून, फरशीला समांतर धरावा. शक्यतो थोडं उंच उभं राहून झूम करावं, म्हणजे कडा बाक येऊन फुगत नाहीत. मग फोटो काटेकोर चौकोनात कापावा. एकाच फरशीचा फोटो सगळीकडे लावला तर तिच्यावरचा एखादा डाग घरभर ओळीने दिसतो, म्हणून चार फरश्या एकत्र मांडून फोटो घेतला आणि प्रोग्रामला १२०० मिलिमीटर माप सांगितलं तर खरं वाटतं. आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या फोटोसारखा न पाठवता डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने पाठवावा, नाही तर वाटेत दाबून लहान केला जातो आणि बारीक दाणा पुसून निघतो. आईंना तो दाणाच तर बघायचा होता.

मूळ फोटो पाठवायचा याचा अर्थ मात्र तसाच्या तसा मॉडेलमध्ये घालायचा असा नाही. हल्लीच्या फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो डिस्कवर तीन-चार मेगाबाइटचा वाटतो, पण ग्राफिक्स कार्डात तो उलगडून बसतो. ४०३२ गुणिले ३०२४, प्रत्येक ठिपक्याला चार बाइट, म्हणजे जवळजवळ ४९ मेगाबाइट. त्याच्या लहान लहान आवृत्त्या धरून ६५. असे दहा-पंधरा फोटो घातले की साध्या लॅपटॉपचं कार्ड हात टेकतं, आणि मग काही फरश्या पांढऱ्या, काही काळ्या, काही धुरकट. फोटो १०२४ बाय १०२४ चा केला तर तेच काम साडेपाच मेगाबाइटच्या आसपास होतं, आणि एका फरशीला तेवढे ठिपके भरपूर झाले. ५१२, १०२४, २०४८ असे दुपटीचे आकडे घेण्याची पद्धत जुन्या कार्डांमुळे पडली. २००४ सालच्या ओपनजीएल २.० पासून ती सक्ती गेली, तरी मी अजून तेच आकडे वापरते. बिघडत तर काही नाही.

लहान आवृत्त्या म्हणजे काय, तर लान्स विल्यम्स यांनी १९८३ साली मांडलेली मिपमॅपची कल्पना. एकच फोटो अर्धा, पाव, अष्टमांश करून ठेवायचा, आणि लांबच्या फरशीला लहान फोटो लावायचा. हे बंद असेल तर बाथरूमच्या बारीक मोझॅकवर, दूरच्या टोकाला, लाटा उठल्यासारख्या दिसतात. ग्राफिक्सच्या सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग' असा भारदस्त शब्द दिसला तर तो चालू करा, तिरक्या कोनातून फरशी स्वच्छ दिसते.

एखादीच भिंत काळी किंवा निळसर करडी दिसत असेल तर कापडाला जशी सुलटी-उलटी बाजू असते तशी तिची उलटी बाजू तुमच्याकडे आहे. स्केचअपमध्ये उलट्या बाजूला मुद्दाम निळसर करडा रंग असतो, तिथे 'रिव्हर्स फेसेस' म्हटलं की झालं. आणि लॅपटॉपमध्ये दोन कार्डं असली, एक कामचलाऊ आणि एक ताकदीचं, तर प्रोग्राम बरेचदा कामचलाऊ कार्डावर चालत राहतो. विंडोज १० आणि ११ मध्ये डिस्प्ले सेटिंग्जमधल्या ग्राफिक्स या पानावर प्रोग्रामवार कार्ड नेमून देता येतं. ड्रायव्हर अपडेटची पाळी इथे येते, त्याआधी नाही.

एवढं सगळं करून फरशी पडद्यावर कोरडी, स्थिर आणि मापात दिसायला लागली. पण ती घसरते की नाही, हे पडदा सांगत नाही. चकाकी कमी म्हणजे घसरण कमी असं आपण डोळ्यांनी ठरवतो, ते नेहमी खरं नसतं. त्यासाठी कॅटलॉगमध्ये आर ९ ते आर १३ असा आकडा बघायचा. ही जर्मन चाचणी बुटांसाठीची, आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त. बाथरूमसारख्या अनवाणी ओल्या पायांच्या जागेला ए, बी, सी अशी वेगळी श्रेणी असते, त्यात सी सगळ्यात चांगली. अमेरिकेत मात्र ओल्या सपाट जमिनीसाठी डीसीओएफ ०.४२ किंवा जास्त बघतात. बहिणीने दुकानात आर ९ ची आधी पसंत केलेली फरशी बाजूला ठेवायला सांगितली आणि पॅसेजसाठी आर ११ ची मागितली. दुकानदार म्हणाला, ती पुसायला जड जाते, फडकं अडकतं. ते खरंच आहे.

नव्या फरशीचा फोटो गॅलरीत सावलीत काढून आला, मॉडेलमध्ये बसला, आणि औंधला व्हिडिओ कॉलवर दाखवला. वडिलांनी पॅसेज दोनदा फिरवून बघायला लावला, बेडरूमच्या दारात थांबायला सांगितलं आणि म्हणाले, "आता इथे काही लागत नाही ना पायाला?" आईंना करडा रंग पसंत नव्हता. त्यांना बदामी हवा होता, आणि तो आर ११ मध्ये मिळायला आणखी नऊ दिवस लागले.